मिठागरात मारलेली पेनल्टी

लोक कुठे जाऊन आले की फोटो दाखवतात. माझ्याकडे मीरा-भाईंदरचा एकच फोटो आहे. त्यात आमची पोरं कप घेऊन उभी आहेत आणि एका टोकाला माझा भाचा विनू कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघतोय. तो कुठे बघतोय ते मला माहीत आहे. तेवढंच सांगायला हे लिहायला बसलोय. बाकी ज्यांना मीरा रोडची माहिती हवी असेल त्यांनी तिथल्या फ्लॅटच्या जाहिराती वाचाव्यात. त्यात समुद्रसुद्धा दिसतो.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेत तालीम आहे आणि तालमी मूळच्या कुस्तीच्या असल्या तरी आता तिथे लाल मातीपेक्षा फुटबॉलचे बूट जास्त सापडतात. मॅच दीड तास चालते आणि तिच्यावरचा वाद पुढच्या मॅचपर्यंत. शेवटच्या पाच मिनिटांत कुणाला बाहेर काढायला हवं होतं, चेंडू पुढे मारायचा की मागे ठेवायचा, पेनल्टी होती की नव्हती, यावर आमच्या कट्ट्यावर सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय. नोकरीतून रिटायर झाल्यापासून मी त्या कट्ट्यावर कायमचा मेंबर आहे, आणि वादात मला अजून कुणी हरवलेलं नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. पुढे कळेलच.

विनू माझ्या बहिणीचा मुलगा. फौंड्रीत कंत्राटावर आहे. थोड्या थोड्या महिन्यांनी काढून टाकतात आणि पुन्हा नव्याने घेतात. मुलगी बघायला जावं तर चहा यायच्या आधी प्रश्न येतो, परमनंट आहे का. पायात मात्र देवाने सोनं दिलंय. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागावी म्हणून आम्ही चार-पाच ठिकाणी उंबरे झिजवले, पण यंदाचं वर्ष गेलं की तो वयातच बसणार नव्हता. अशात भाईंदरच्या मोरवा गावातल्या एका मंडळाने सात-सात जणांची स्पर्धा ठेवली आणि आमच्या तालमीला बोलावणं आलं. मी लगेच मीरा रोडला सुर्वेंना फोन लावला. सुर्वे मूळचे रत्नागिरीचे. नोकरीत असताना काही वर्षं कोल्हापुरात होते, तेव्हापासूनची ओळख. त्यांच्या ओळखीत साळवी म्हणून एक गृहस्थ होते, एका मोठ्या कंपनीच्या फुटबॉल टीमसाठी पोरं निवडणारे. साळवींनी फायनल बघायला यायचं कबूल केलं. पोरगा बरा वाटला तर ट्रायलला बोलावतो म्हणाले. ट्रायलला बोलावलं म्हणजे निम्मं काम झालं, असं सुर्वे म्हणाले. बहिणीने त्याच दिवशी अंबाबाईची ओटी भरली.

पेणकरपाडा

शनिवारी सकाळी उतरलो. पोरांची सोय पेणकरपाड्यात एका बुद्धविहाराच्या वरच्या हॉलमध्ये केली होती. पाडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे झाडं आली होती. प्रत्यक्षात एक विहीर, तिच्यावर लोखंडी जाळी, आणि जाळीला चारी बाजूंनी बिल्डिंगा टेकलेल्या. आमची गाडी वळवायला अर्धी गल्ली गोळा झाली. जो तो ड्रायव्हरला हिंदीत सूचना देत होता आणि आमचा ड्रायव्हर कोल्हापुरीत शिव्या देत होता. तरी गाडी वळली.

विहाराचे सेक्रेटरी हॉल उघडून द्यायला आले. "पानी सुबह छे बजे आता है, भर के रखना पडेगा," ते म्हणाले. मीही माझ्या तोडक्या हिंदीत पंखे कितने है, गादी मिलेगी क्या वगैरे विचारत राहिलो. मग त्यांना फोन आला आणि ते म्हणाले, "हं माय, बोल. पाव्हणे आलेत कोल्हापूरचे." जालन्याचा माणूस! आम्ही दोघे मराठी आणि इतका वेळ एकमेकांच्या तोंडावर हिंदी फेकत होतो. मी म्हटलं, "अहो, मग मराठीत बोला की." ते हसून म्हणाले, "सवय झालीये, काका. इथं समोरचा कोण निघंल सांगता येत न्हाई." आमच्याकडे समोरचा कोण निघेल ते त्याच्या चपलेवरून सांगता येतं. पण त्यांच्या घरून पोरांसाठी पोह्यांचं मोठं पातेलं आलं, वर दाण्याची चटणी, आणि कुणी मागायच्या आत चहा. ते मान्य करायला हवं.

दुपारी आम्ही सेमीफायनल जिंकली. विनूने एक गोल मारला, एक दुसऱ्याला मारायला दिला. त्यावर विशेष बोलण्यासारखं काही नाही. बोलण्यासारखी होती ती दुसरी सेमीफायनल, मोरवा विरुद्ध पेणकरपाडा, आणि ती बघायला आमचा कॅप्टन धनाजी मला मुद्दाम घेऊन बसला. धनाजी आमचा कॅप्टन आणि कोचही. वय झालंय, पोट सुटलंय, पळत नाही. पण डोकं शकुनीचं.

मैदान मोरव्यात, मिठागराला लागून. एका गोलच्या मागे कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे मिठाचे वाफे, त्यात घोटाभर पाणी नि खाली चिखल. वेळ मोजायला पंच घड्याळ बघत नव्हते. टेबलाशेजारी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर भिंतीवरचं मोठं घड्याळ ठेवलं होतं, कुठल्यातरी पतपेढीने सभासदांना वाटलेलं. सगळ्यांनी त्यातच बघायचं. ते थांबत नसे. चेंडू बाहेर जावो, कुणी पडो, घड्याळ चालूच. आणि चेंडू एकच. स्पर्धेचा चेंडू एकच असायचा आणि शेवटी तो जिंकणाऱ्याला द्यायचा, असा त्यांचा रिवाज. मिठागरात चेंडू गेला की गावातले एक दणकट आजोबा लांब बांबूला बांधलेली जाळी घेऊन भिंतीवर चढत आणि तो ओढून काढत.

मोरव्याने शनिवारी काय केलं, तर एक गोल झाल्यावर दिसेल तो चेंडू भिंतीपलीकडे मारला. आणि हे आजोबा मोरव्याचेच! आपलं गाव पुढे आहे म्हटल्यावर त्यांनी बांबू असा उचलला की जणू लग्नाच्या वरातीला निघालेत. पेणकरपाड्याची पोरं ओरडत होती, "काका, जल्दी करो ना!" आजोबा शांतपणे म्हणाले, "पाय घसरतंय माजा. मिठागर हाय ता, रस्ता न्हाय." खुर्चीवरच्या घड्याळात काटा फिरत होता. मोरवा जिंकला.

संध्याकाळी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर आमच्या पोरांचा नि तिथल्या पोरांचा जोरदार वाद झाला. पेणकरपाड्याची पोरं म्हणत होती, ये तो चीटिंग है, हा काय फुटबॉल आहे काय. मी म्हटलं, "नियम तुम्हाला आधी माहीत होता का नव्हता? होता ना? मग तुम्ही आधी गोल मारायचा आणि तुम्ही चेंडू मिठागरात घालायचा. नियमात जे बसतं ते डोकं आहे, चीटिंग नाही." त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, तुम्ही वकील आहात काय?" आमची पोरं हसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

धनाजी बशीतला चहा फुंकत एवढंच म्हणाला, "मामा, ते घड्याळ बघितलासा न्हवं? उद्या आपलं हाय ते."

पूनम सागर

माझा मुक्काम सुर्वेंकडे, पूनम सागरमध्ये. बिल्डिंगच्या खाली गुजराती फरसाणवाला, शेजारी मोबाईलवाला, त्याच्या शेजारी पुन्हा फरसाणवाला. माणसं एवढी की रस्त्यात उभं राहून बोलायची सोय नाही. आमच्याकडे दोन माणसं भेटली की गाड्या बाजूने जातात. इथे दोन माणसं भेटली की त्यांना गाड्या बाजूला करतात.

सुर्वे वहिनींनी बोंबलाचं कालवण केलं होतं. मी मटणावर वाढलेला माणूस. आमच्याकडे ताटात रस्सा पळतो, इथे बोंबीलच पळत होता. आंबट, पातळ, काटा आहे की नाही कळेना म्हणून मी भीतभीत खात होतो. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, एवढं काय घाबरताय, तो काटा पण खायचाच असतो." दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा मात्र त्या जिंकल्यासारख्या हसल्या.

जेवताना सुर्वे म्हणाले, "पाटील, साळवी उद्या शंभर टक्के येतोय. मी परत फोन केलेला. पण माणूस थोडा सटक आहे हां. त्याच्यासमोर जास्त बोलू नका. तो बघतो आणि निघून जातो."

"मी कशाला बोलतोय?" मी म्हटलं. "पोरगा पायाने बोलेल."

"तेच सांगतोय मी. त्यालाच बोलू द्या."

रात्री बहिणीचा फोन आला. विनूला पोट भरून जेवू नको म्हणावं, खेळताना जड होतं, असं दोनदा सांगितलं. तिला ट्रायल म्हणजे काय ते नीट समजलेलं नव्हतं. तिच्या हिशोबात तो साहेब येणार, बघणार आणि सहीचा कागद देणार होता. मी तिचा समज दूर केला नाही.

मोरवा

रविवारी फायनल दुपारी चारला. मोरवा हे भाईंदर पश्चिमेतलं जुनं गाव. मीरा रोडच्या त्या काँक्रीटमधून तिथे आलं की घरं बुटकी होतात, दारात सुकट वाळत असते, बायका ओट्यावर बसून आल्यागेल्याला विचारतात, कोनाकडं जायचा हाय. मला ते गाव आवडलं. मिठागरात मिठाचे ढीग पांढरेशुभ्र चमकत होते आणि लांब खाडीच्या बाजूला गुलाबी पक्षी उभे होते, एका पायावर. संध्याकाळी त्याच मैदानावर कुणाच्या तरी हळदीचा मांडव पडायचा होता. मांडववाले बांबू घेऊन आधीच येऊन बसले होते, म्हणजे आज तर ते घड्याळ कुणासाठीच थांबणार नव्हतं.

चार वाजले, साळवी नाहीत. सुर्वेंनी फोन लावला. साळवी भाईंदर पूर्वेला कुणाच्या साखरपुड्याला गेले होते आणि आता पुलावर गाडीत अडकले होते. मुंबईचा माणूस म्हणे दिल्लीला जाऊन संध्याकाळी परत येतो, पण पूर्वेकडून पश्चिमेकडे येता येत नाही.

पहिला हाफ सुरू झाला. आता मी जे सांगणार आहे ते साळवींनी पाहिलं नाही, म्हणून तुम्ही तरी नीट ऐका. पाचव्या-सहाव्या मिनिटाला विनूने चेंडू मधल्या रेषेवर घेतला, एकाला आतून काढलं, दुसऱ्याला नुसता खांदा दाखवून बाहेरून काढलं, आणि गोलकीपर पुढे आला तर त्याच्या डोक्यावरून चेंडू असा अलगद सोडला, की झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं. मोरव्याच्या बायकासुद्धा "अगो बाय!" म्हणाल्या. दुसरा गोल डाव्या पायाने, लांबून, खांबाला चाटून आत. मी सुर्वेंचा दंड एवढा दाबला की ते कळवळले. मी सारखा गेटकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, ये रे बाबा, आता ये, आत्ता ये.

हाफ झाला. दोन-शून्य. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला मोरव्याच्या सात नंबरने एक गोल परत केला. काटक पोरगा, चेंडू गेला की स्वतः आणायला धावणारा. दोन-एक. धनाजीने मधून हात वर केला आणि ओरडला, "कोपरा!"

कोपरा म्हणजे काय ते सांगतो. पुढे असताना चेंडू घ्यायचा, समोरच्याच्या कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ न्यायचा, अंग आडवं घालून उभं राहायचं. ते मागून ढकलतात, तंगड्या घालतात. चेंडू बाहेर गेला तर आपलाच थ्रो किंवा कॉर्नर. पुन्हा तेच. घड्याळ चालू राहतं. याला ताकद लागते आणि शहाणपण त्याहून जास्त. विनूला हे मी शिकवलंय, लहान असताना, तालमीच्या मागच्या बोळात.

आणि नेमके तेव्हा साळवी आले. साखरपुड्याचा कडक सदरा, कपाळाला कुंकू. सुर्वेंनी ओळख करून दिली. साळवी माझ्या शेजारी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सॉरी, ट्रॅफिक. स्कोअर काय?"

"दोन-एक. आपण पुढे."

"गोल कोणाचे?"

"दोन्ही आमच्या..." एवढं मी बोललो. तेवढ्यात विनू चेंडू घेऊन कोपऱ्यात शिरला आणि साळवींनी मला मधेच तोडलं.

"हा दहा नंबरच ना तुमचा भाचा? हा काय करतोय?"

"वेळ काढतोय."

"ते दिसतंय. का काढतोय? तिघं जण त्याच्यावर आलेत, म्हणजे मधे सगळं मोकळं आहे. पास दे, गोल मार, विषय संपव."

यावर मी गप्प बसायचं होतं. सुर्वेंनी माझ्या पायावर पाय दिलासुद्धा. पण माणूस चुकीचं बोलत होता हो! आणि मागे आमच्या तालमीचा बबन उभा होता. तो कानात म्हणाला, "मामा, सांगा की जरा."

"आणि पास चुकला तर, साहेब?" मी म्हटलं. "मैदान बघा केवढंसंय. एक लांब किक, चेंडू आपल्या गोलात. मग एक्स्ट्रा टाइम. मग काय सांगाल धनाजीला?"

"तुम्ही घाबरून खेळताय."

"घाबरून? घाबरलेला माणूस आपल्या गोलासमोर गर्दी करतो. हा त्यांच्या घरात जाऊन बसलाय."

आजूबाजूचे हसले. साळवीही थोडे हसले. विनू तिकडे तीन जणांना पाठीवर घेऊन उभा होता. आमच्याकडे त्याची पाठच होती. दहा नंबर सोडून साळवींना त्याचं काही दिसत नव्हतं.

मग तो प्रकार झाला. कोपऱ्यातून विनू अचानक आत वळला आणि मोरव्याच्या एकाने त्याला सरळ पाडलं. बॉक्समध्ये. पंचांनी शिट्टी मारली. पेनल्टी! मोरव्याची पोरं पंचांभोवती गोळा झाली, "बाहर था, बाहर था सर!" पंच म्हणाले, आत. साळवी पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.

"हं. आता मारू दे त्याला," ते म्हणाले. "बघू पाय."

विनूने चेंडू उचलला, जर्सीला पुसला, आणि चालत जाऊन धनाजीच्या हातात दिला.

"हे काय?" साळवी म्हणाले.

आमच्या तालमीत पेनल्टी कॅप्टनची. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून. जसा नारळ फोडायचा मान असतो तसा. कुणी कितीही मोठा खेळाडू असो, तो चेंडू कॅप्टनला नेऊन देतो. मी हे साळवींना सांगितलं. ते म्हणाले, "ज्याने मिळवली त्याला नाही? त्याला स्वतःला नको वाटते का?" मी म्हटलं, "त्याला शिस्त आहे."

धनाजीने चेंडू ठेवला. परत उचलला, जागा बदलली. बुटाची नाडी सोडली, बांधली. पंचांना जाऊन काहीतरी विचारलं. पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं, ते त्याने नमस्कार करून स्वीकारलं. खुर्चीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं. मग तो धावत आला आणि त्याने चेंडू गोलच्या वरून, भिंतीच्या वरून, मिठागराच्या मध्यावर मारला. लांबचे गुलाबी पक्षी उडाले.

मोरव्याची माणसं नाचायला लागली. साळवी कपाळाला हात लावून म्हणाले, "वाया घालवली!"

मी उभा राहिलो. आता मला कुणी अडवू शकलं नसतं.

"वाया? साहेब, गोल मारला असता तर चेंडू मधे ठेवून ते लगेच खेळ सुरू करणार. कीपरने अडवला असता तर तिथून हल्ला. आता बघा. चेंडू कुठंय? मिठागरात. चेंडू किती? एक. घड्याळ थांबतंय? नाही. तिसरा गोल मारून जे मिळालं नसतं ते त्याने न मारता मिळवलं. ही मुद्दाम मारलीय त्याने, मुद्दाम!"

"मुद्दाम मारली की चुकली आणि आता मुद्दाम म्हणताय?"

"काल इथल्याच लोकांनी इथंच हे केलं. विचारा सुर्वेंना."

मोरव्याचा एक जण म्हणाला, "हां, केलेला आमी." लोक माझ्याकडे बघत होते. मला चेव आला. साळवी म्हणाले, "पाटील, शेवटी फुटबॉल म्हणजे गोल. मला गोल मारणारा पोरगा बघायचाय."

आणि मी म्हणालो, "गोल काय साहेब, कुणीही मारतंय. तिघांना पाठीवर घेऊन चेंडू दाखवायचा आणि द्यायचा नाही, हे तुमच्या मुंबईतल्या कुणालाही करून दाखवा म्हणावं. आमच्या विनूला गोल मारायची गरजच नाही!"

बबनने शिट्टी वाजवली. पाच-सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. साळवींनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "मान्य. तुमचंच बरोबर." मी खाली बसलो. छाती फुगली होती माझी.

तिकडे बांबूवाले आजोबा आज धावत होते, गाव मागे होतं ना. पण चेंडू इतका लांब गेला होता की बांबू पुरेना. तेव्हा मोरव्याच्या त्या सात नंबरने भिंतीवरून उडी मारली. मांडीपर्यंत चिखलात रुतत, पडत, उठत तो चेंडूपर्यंत गेला आणि छातीशी धरून परत आला. अंगभर चिखल, वर मिठाची पांढरी खपली. चेंडू जमिनीवर ठेवून त्याने कीपरला किक मारायला लावली, स्वतःच चेंडूमागे धावला, आमच्या दोघांना काढलं आणि लांबून मारला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि शिट्टी झाली.

आम्ही जिंकलो. आमची पोरं मैदानात घुसली. मीही गेलो, धनाजीला मिठी मारली. परत आलो तेव्हा साळवींची खुर्ची रिकामी होती. ते मैदानाच्या त्या बाजूला, सात नंबरशी बोलत होते. चिखलाने हात भरलेले म्हणून पोरगा नंबर तोंडी सांगत होता आणि साळवी स्वतःच्या मोबाईलमध्ये घालत होते.

मी धावत गेलो. "साहेब, पहिल्या हाफमध्ये विनूने दोन गोल मारले. तुम्ही पुलावर होता तेव्हा. काय गोल होते, विचारा कुणालाही."

"ऐकलं ना, सुर्वे बोलला," साळवी म्हणाले. अगदी नीट, आवाज न चढवता. "पण पाटील, मी बघितलं त्यावर जाणार. आणि तुम्ही मला पटवलंत की तो हे सगळं ठरवून करतो. वेळ काढणारे आमच्या ऑफिसात भरपूर आहेत हो. जरा चिखलात उडी मारणारा हवा होता."

"साहेब, तो कॅप्टनने सांगितलं म्हणून..."

"असेल. पोरगा गुणी आहे. त्याला सांभाळा."

फोटो काढणारा ओरडत होता, सगळे इकडे बघा. विनू आमच्याकडे बघत होता.

परत

गाडीत मी मागच्या सीटवर बसलो. विनू येऊन शेजारी बसला. बराच वेळ पायातली पट्टी सोडत होता.

"मामा, साळवीसाहेब आल्ते न्हवं?"

"आल्ते."

"कवा?"

"उशिरा आले रे. दुसऱ्या हाफात."

"हां," तो म्हणाला. मग पट्टी गुंडाळत, "कोपरा बघितला म्हणायचा तेंनी."

"बघितला. चांगला धरलास."

पुढे काय बोलावं ते मी जुळवत होतो, तोवर बबन उठला. गाडीच्या मधल्या बोळात उभा राहून त्याने सगळा प्रसंग करून दाखवला. साळवींचा कुंकू लावलेला चेहरा, त्यांचे जोडलेले हात, माझं उभं राहणं, सगळं. "आणि मामा म्हणत्यात, गोल काय साहेब, कुणीबी मारतंय! आमच्या विनूला गोल मारायची गरजच न्हाई! तोंडच बंद केलं बघा मुंबईवाल्याचं!" गाडी हसून हसून हलत होती. धनाजी पुढून ओरडला, "जगात भारी मामा!" विनूही हसला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, पण आवाज ऐकला.

बहिणीला मी सांगितलं की त्या साहेबांनी पोरगा गुणी आहे असं म्हटलं. ती म्हणाली, मग कागद कधी येणार? तेव्हापासून मी तिच्या घरी जेवायला गेलेलो नाही. काही ना काही कारण काढतो.

कप तालमीत काचेच्या कपाटात आहे. शेजारी तो चेंडू, मिठाने पांढरा पडलेला. धनाजीची पेनल्टी मुद्दाम होती की चुकली, यावर कट्ट्यावर अजून दोन तट आहेत. मला कुणी विचारलं तर मी आजही सांगेन, मुद्दाम होती. पुढे असताना चेंडू कोपऱ्यातच न्यायचा असतो. साळवी चूक होते. मी त्या दिवशी एकही शब्द चुकीचा बोललो नाही, आणि हेच मला गिळता येत नाही. चुकलो असतो तर विनूचे पाय धरले असते. मी बरोबर होतो, आणि पोरगा फौंड्रीत आहे.

परवा बाहेरच्या पेठेतले दोघं कट्ट्यावर आले होते. बबनने त्यांना भाईंदरची गोष्ट सांगायला घेतली. विनू पाळीवरून येऊन कोपऱ्यात बसला होता, दंडापर्यंत काळा. पाहुण्यांतला एक त्याला म्हणाला, "तूच न्हवं त्यो? फायनलला दोन गोल मारल्यालास म्हणं. सांग की जरा, कसं मारलंस?"

विनूने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हात झाडत उठला आणि म्हणाला, "गोल काय भावा, कुणीबी मारतंय."